प्रकाशाचें माप घेणारा महापुरुष : जेम्स क्लार्क मॅक्सवेल

जगांत जे थोर पुरुष होऊन गेले त्यांपैकीं कांहींचीं नांवें लहानथोर सर्वांच्या तोंडीं असतात; कांहींचें काम मात्र घरोघर वापरलें जातें, पण तें कोणाचें हें वापरणारास ठाऊक नसतें. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांची गणना ह्या दुसऱ्या वर्गांत करावी लागेल. शास्त्रज्ञांच्या मंडळींत त्यांचें नांव न्यूटनच्या बरोबरीनें घेतलें जातें. परंतु आपल्या मोबाइलच्या पडद्यावर जें रंगीत चित्र उमटतें, त्याच्या मुळाशीं ह्या गृहस्थांचा एक साधा कागदी भोवरा आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. त्यांच्या चरित्राचे सर्व भाग येथें सांगण्यास जागा नाहीं. म्हणून रंग म्हणजे काय, आणि रंगाचा उजळपणा संख्येनें कसा सांगावा, ह्या प्रश्नाशीं त्यांचा जो संबंध आला, त्यावर विशेष भर देऊन आम्ही हें चरित्र थोडक्यांत निवेदन करतों.

मॅक्सवेल ह्यांचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें १३ जून १८३१ रोजीं झाला. त्यांचे वडील जॉन हे वकिलीची सनद मिळविलेले गृहस्थ होते. तथापि त्यांचें मन कोर्टापेक्षां यंत्रें, कारखाने व घरबांधणी ह्यांतच अधिक रमे. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागांत ग्लेनलेअर येथें त्यांची जमीन होती व तेथेंच जेम्सचें बालपण गेलें. मूल मोठें चौकस. दाराचें कुलूप, नोकरांस बोलावण्याच्या घंटेची तार, ओढ्याचें पाणी, जें जें दृष्टीस पडे तें कसें चालतें हें तो घरच्या माणसांस विचारी; आणि कोणी मोघम उत्तर देऊन वाटेस लावूं पाहिलें, तर पुन्हां पहिल्यापासून विचारावयास लागे. अशा मुलाचा कंटाळा न करणारे आईबाप त्याला लाभले, हें त्याचें पहिलें भाग्य.

त्याची आई फ्रान्सिस त्याला स्वतः शिकवीत असे. परंतु १८३९ सालीं, जेम्स आठ वर्षांचा असतांना, ती कर्करोगानें वारली. पुढें त्याच्यासाठीं घरीं एक शिक्षक ठेवण्यांत आला. ह्या शिक्षकानें मुलगा मंदबुद्धि आहे असा ग्रह करून घेतला व मारझोडीनें विद्या डोक्यांत भरण्याचा प्रयत्न चालविला. तो अर्थातच फसला. शेवटीं १८४१ सालीं वडिलांनीं त्याला एडिंबरो अ‍ॅकॅडमी ह्या शाळेंत घातलें. तेथेंही आरंभीं त्याचे हालच झाले. वडिलांनीं स्वतःच्या कल्पनेनें बेतलेले त्याचे कपडे, त्याचे चौकोनी टोंकाचे बूट व खेड्यांतलें बोलणें हीं पाहून शहरी मुलांनीं त्याची टर उडविली, त्याच्या अंगावरील कपडे ओढून फाडले, आणि त्याचें नांव 'वेडगळ' असें ठेवलें. जेम्सनें ह्याबद्दल फारशी तक्रार केली नाहीं. तो आपल्या आकृत्यांत आणि चित्रांत गढून राहिला. आणि चार वर्षांच्या आंत त्याच शाळेंत त्याला जन्मभर पुरतील असे दोन जिवलग मित्र मिळाले. एक लुइस कॅम्बेल, ज्यांनीं पुढें त्यांचें चरित्र लिहिलें. आणि दुसरे पीटर गथ्री टेट, जे पुढें स्वतः नामांकित पदार्थविज्ञानवेत्ते झाले.

जेम्स चौदा वर्षांचा असतांना त्यानें दोऱ्याच्या व टांचण्यांच्या साह्यानें लंबगोल आकृत्या काढण्याची एक नवी रीत शोधून काढली. एडिंबरो विद्यापीठांतील प्रोफेसर जेम्स फोर्ब्स ह्यांस ती इतकी पसंत पडली कीं, १८४६ सालीं त्यांनीं तेथील रॉयल सोसायटीपुढें ती स्वतः वाचून दाखविली. कारण विद्वानांच्या सभेंत शाळकरी पोरानें उभें राहावें हें त्या काळच्या रिवाजास धरून नव्हतें. ज्याला वर्गांत वेडगळ म्हणत होते, त्याचा निबंध विद्वान् मंडळी कान देऊन ऐकत होती!

पुढें १८४७ सालीं जेम्स एडिंबरो विद्यापीठांत दाखल झाला. तेथें प्रोफेसर फोर्ब्स ह्यांच्या प्रयोगांत त्याला रंगांचा नाद लागला. त्या वेळीं सर्वसामान्य समजूत अशी होती कीं, तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग असून बाकीचे सर्व त्यांपासून होतात. रंगपेटी वापरणाऱ्या प्रत्येक मुलाचा अनुभवही ह्याला अनुकूलच आहे. पिवळ्यांत निळा कालविला कीं हिरवा होतो, हें कोणीही सांगेल. फोर्ब्स ह्यांनीं १८४९ च्या सुमारास रंगीत भाग असलेली चकती गरगर फिरवून पाहिली. चकती पुरेशा वेगानें फिरली कीं डोळ्याला निरनिराळे भाग न दिसतां त्यांच्या उजेडाचें मिश्रण दिसतें. पिवळा व निळा एकत्र फिरविल्यावर हिरवा दिसावयास हवा होता. पण तो मुळींच दिसला नाहीं. असें कां व्हावें?

ह्या कोड्याचा उलगडा जर्मनींत हेल्महोल्ट्झ ह्यांनीं व इकडे मॅक्सवेल ह्यांनीं केला. निळें रंगद्रव्य उजेडांतील तांबडा भाग गिळून टाकतें, पिवळें रंगद्रव्य निळा भाग गिळतें. दोन्हीं कालविलीं म्हणजे दोहोंच्या तावडींतून जो सुटतो तो हिरवा भाग तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतो. म्हणजे रंगपेटींत आपण उजेड मिळवीत नसून वजा करीत असतों. भोवऱ्यावर मात्र उजेडांत उजेड मिळतो. बेरीज व वजाबाकी ह्या एकच समजल्यामुळें हा घोटाळा झाला होता. उजेडाच्या बेरजेला योग्य असे तीन रंग म्हणजे तांबडा, हिरवा व निळा. आणि डोळ्यांत रंग ओळखण्याच्या तीन निरनिराळ्या शक्ति असाव्यात, हा टॉमस यंग ह्या इंग्रज डॉक्टरांचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा तर्क बरोबर होता. यंग ह्यांनीं तर्क केला. मॅक्सवेल ह्यांनीं तो मोजून दाखविला. मोजणें ह्या एका शब्दांत त्यांच्या कामाचें सर्व सार आहे.

१८५० सालीं मॅक्सवेल केंब्रिजला गेले आणि १८५४ सालीं गणिताच्या अतिशय कठीण परीक्षेंत दुसरे आले. त्यानंतर लगेच त्यांनीं आपला प्रसिद्ध भोवरा सिद्ध केला व १८५५ सालीं त्यावरील प्रयोगांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीस सादर केला. हा भोवरा कोणत्याही मुलास घरीं करतां येईल इतका साधा होता. तांबड्या, हिरव्या व निळ्या कागदाच्या तीन चकत्यांना मध्यापासून कडेपर्यंत एकेक चीर पाडून त्या एकमेकींत अडकविलेल्या असत; त्यामुळें प्रत्येक रंगाचा किती भाग उघडा ठेवावयाचा हें हातानें सरकवून ठरवितां येई. कडेला शंभर भागांचें माप आंखलेलें होतें. ह्या मोठ्या चकत्यांच्या वर मधोमध दोन लहान चकत्या बसविल्या होत्या. एक पांढरी व एक काळी. भोवरा फिरला कीं बाहेरचें कडें एका रंगाचें दिसे व आंतलें वर्तुळ करड्या रंगाचें दिसे. मग दोहोंत तिळमात्र फरक दिसेनासा होईपर्यंत भोवरा थांबवावा, चकत्या किंचित् सरकवाव्या, पुन्हां फिरवावा, असें चाले. अशा एका प्रयोगांत हिंगुळी तांबड्याचे ३७, गर्द निळ्याचे २७ व पाचूसारख्या हिरव्याचे ३६ भाग घेतले असतां जो रंग झाला, तो पांढऱ्याचे २८ व काळ्याचे ७२ भाग मिळून होणाऱ्या करड्याशीं हुबेहूब जुळला.

वाचकहो, ह्या साध्या आंकड्यांत किती अर्थ भरला आहे तो पाहा. डाव्या बाजूचे तीन आंकडे रंग सांगतात. उजवीकडचे दोन आंकडे त्या रंगाचा उजळपणा सांगतात. आंतला करडा बाहेरच्याहून काळवंडलेला वाटला तर पांढरा वाढवावा, फार उजळ वाटला तर काळा वाढवावा. म्हणजे कोणता रंग आणि किती उजळ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि डोळा दोहोंची उत्तरें एकाच वेळीं देतो. मॅक्सवेल ह्यांनीं रंगाचीं तीन अंगें स्पष्ट केलीं: पहिलें त्याची जात, म्हणजे तो तांबडा आहे कीं हिरवा, दुसरें त्याचा गडदपणा अथवा फिकेपणा, आणि तिसरें त्याचा उजळपणा अथवा अंधुकपणा. कोणताही रंग पुरता सांगावयाचा तर तीनच संख्या लागतात. दोन पुरत नाहींत आणि चार नकोत.

परंतु हा डोळा कोणाचा? मॅक्सवेल ह्यांनीं केवळ स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून न राहतां पुष्कळ माणसांस भोवऱ्यापुढें बसविलें. बहुतेकांचे आंकडे एकमेकांशीं फारच जवळचे निघाले. ज्यांना तांबडा व हिरवा ह्यांतील भेद कळत नाहीं अशा रंगांध माणसांसही त्यांनीं मुद्दाम बोलावलें. लोक अशांना हंसत. मॅक्सवेल ह्यांनीं त्यांची साक्ष आंकड्यांत उतरून घेतली. तेव्हां असें आढळलें कीं, त्यांचें उत्तर वेडेंवांकडें नसून पूर्णपणें नियमबद्ध आहे; फक्त जेथें इतरांना तीन रंग लागतात तेथें त्यांना दोनच पुरतात. डोळ्यांतील तीन शक्तींपैकीं एक त्यांच्या ठिकाणीं नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या वस्तु अशा माणसांना एकसारख्या दिसतात त्यांतील फरक ओळखतां यावा म्हणून एक कांच तांबडी व दुसरी हिरवी असलेला चष्मा वापरावा, अशी सूचनाही त्यांनीं केली.

१८५६ सालीं त्यांचे वडील वारले. त्याच वर्षीं मॅक्सवेल अ‍ॅबर्डीन येथील मारिशल कॉलेजांत प्रोफेसर झाले. कॉलेजांतील काम सांभाळून ते कारागीर लोकांसाठीं संध्याकाळचे वर्ग चालवीत. शनीचीं कडीं अखंड नसून असंख्य लहान लहान तुकड्यांचीं बनलेलीं असलीं पाहिजेत, असें त्यांनीं येथेंच गणितानें सिद्ध करून मोठें बक्षीस मिळविलें. १८९५ सालीं दुर्बिणीच्या साह्यानें घेतलेल्या वर्णपटांनीं त्याची खात्री पटली. १८५८ सालीं कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांच्या कन्या कॅथरीन डेवार ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांनीं गांवांतलीं दोन कॉलेजें एक करण्यांत आलीं व तरुण प्रोफेसर म्हणून मॅक्सवेल ह्यांची जागा गेली. एडिंबरोची जागा त्यांचे मित्र टेट ह्यांस मिळाली. त्याच वर्षीं त्यांस देवी येऊन जीव धोक्यांत पडला. पत्नीच्या अहोरात्र शुश्रूषेनें ते वांचले. नोकरी गेली, आजार आला. पण १८६० हेंच साल रंगांविषयींच्या कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस रम्फर्ड पदक दिल्याचें आहे, आणि त्याच सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली.

लंडनच्या बिऱ्हाडीं माडीवर त्यांनीं एक सुमारें आठ फूट लांबीची काळी पेटी ठेवली होती. पति-पत्नी तासन् तास तिच्यांत डोळा लावून बसत. ती पेटी शवपेटीसारखी दिसे, तेव्हां समोरच्या घरांतील लोकांना हीं दोघें वेडीं असावींत असें वाटलें, अशी आख्यायिका आहे. वास्तविक ती भोवऱ्याचीच सुधारलेली आवृत्ति होती. कागदाचा रंग जुना झाला कीं बदलतो. म्हणून मॅक्सवेल ह्यांनीं कागद सोडून सूर्यप्रकाशच घेतला. पेटीच्या टोंकास तीन अरुंद फटी होत्या. त्यांतून शिरलेला प्रकाश लोलकांतून जाऊन एका फटीमुळें तांबडा, दुसरीमुळें हिरवा व तिसरीमुळें निळा असा डोळ्यापर्यंत येई व तिन्ही एकत्र मिसळत. शेजारीं ताडून पाहण्यासाठीं साधा पांढरा प्रकाश असे. फट रुंद केली कीं त्या रंगाचा उजेड वाढे, अरुंद केली कीं कमी होई. तेव्हां फटीची रुंदी हेंच त्या रंगाच्या तीव्रतेचें माप झालें. तिन्ही फटी सरकवून मिश्रण पांढऱ्याशीं जुळविलें, रंगानेंही आणि उजळपणानेंही, कीं तीन रुंदींचे आंकडे टिपून ठेवावयाचे. मॅक्सवेल ह्यांच्या निबंधांत निरीक्षकांचीं नांवें केवळ आद्याक्षरांनीं दिलीं आहेत. त्यांत एक ते स्वतः व दुसऱ्या त्यांच्या पत्नी होत. दोघांच्या आंकड्यांत थोडा पण निश्चित फरक होता. तो त्यांनीं दडविला नाहीं किंवा पत्नीची चूक म्हणून सोडून दिला नाहीं. दोन निरोगी डोळ्यांच्या घडणींतच बारीक भेद असतो, हें त्यावरून त्यांनीं दाखविलें.

१७ मे १८६१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं व्याख्यान दिलें व जगांतील पहिलें रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखविलें. टॉमस सटन ह्या छायाचित्रकारानें चौकडीच्या रंगीत फितीच्या गांठीचीं तीन चित्रें घेतलीं होतीं: एक तांबड्या, एक हिरव्या व एक निळ्या द्रवाच्या आडून. तिन्ही चित्रें काळींपांढरींच. त्यांत रंग कोठेंच नव्हता. प्रत्येक ठिकाणीं त्या त्या रंगाचा उजेड किती आहे, एवढेंच त्यांत नोंदलेलें होतें. तीन कंदिलांनीं त्याच तीन रंगांच्या आडून तीं चित्रें पडद्यावर एकावर एक पाडतांच फीत रंगीत दिसूं लागली! प्रयोग पूर्णपणें साधला नव्हता. कारण त्या वेळच्या कांचा तांबड्या व हिरव्या उजेडास नीट दाद देत नसत. ही उणीव मॅक्सवेल ह्यांनीं स्वतःच बोलून दाखविली. वास्तविक तांबड्या उजेडास त्या कांचा जवळजवळ आंधळ्याच होत्या. मग तांबडें चित्र उमटलें तरी कसें? ह्याचें उत्तर शंभर वर्षांनीं, १९६१ सालीं, कोडॅक कंपनीच्या राल्फ एव्हन्स ह्यांनीं दिलें. फितीचा तांबडा रंग डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरणही परावर्तित करीत होता, ते त्या द्रवांतून पार जात होते आणि चित्र त्यांनींच उमटविलें होतें. तत्त्व खरें होतें. साधनें अपुरीं होतीं. आणि एका योगायोगानें त्या दिवशीं त्यांचा हात धरला.

ह्यानंतरचें त्यांचें काम तर जगद्विख्यातच आहे. वीज व चुंबकत्व ह्यांचे नियम एकत्र गुंफून त्यांच्या लाटांचा वेग काढतां तो प्रकाशाच्या वेगाइतका येतो. तेव्हां प्रकाश ही विजेची व चुंबकत्वाचीच लाट आहे, असा सिद्धांत त्यांनीं १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मांडला. त्या लाटा प्रयोगानें दाखविण्याचें श्रेय १८८७-८८ सालीं जर्मनींतील हर्ट्झ ह्यांना मिळालें. आकाशवाणी व मोबाइल हीं त्याचींच फळें होत. १८६५ सालीं नोकरी सोडून मॅक्सवेल ग्लेनलेअरला राहिले. १८७१ सालीं केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्रोफेसर होऊन त्यांनीं ती उभारली. ते श्रद्धावान् ख्रिस्ती होते. त्या प्रयोगशाळेच्या दारावर देवाच्या कृतींविषयींचें एक स्तोत्रवचन लॅटिन भाषेंत कोरलेलें आहे. अखेरच्या वर्षांत पत्नी फार आजारी असतां त्यांनीं स्वतः तिची शुश्रूषा केली. पुढें ज्या रोगानें आई गेली त्याच रोगानें त्यांना गांठलें, आणि ५ नोव्हेंबर १८७९ रोजीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. ग्लेनलेअरजवळील पार्टन गांवच्या देवळाच्या आवारांत त्यांची साधी कबर आहे.

आतां त्यांच्या भोवऱ्याचें पुढें काय झालें तें पाहूं. आजचें डिजिटल चित्र म्हणजे अत्यंत बारीक ठिपक्यांची मांडणी होय. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठीं यंत्र तीनच संख्या सांठवितें: तांबडा किती, हिरवा किती व निळा किती. ह्या संख्या साधारणतः ० पासून २५५ पर्यंत असतात. तिन्ही शून्य म्हणजे काळा. तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. आणि अशा एकंदर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ निरनिराळ्या जोडण्या होऊं शकतात. पेटीच्या तीन फटी आणि ह्या तीन संख्या ह्यांत तत्त्वतः कांहींच भेद नाहीं.

मग एखाद्या ठिपक्याचा उजळपणा किती? विद्यार्थ्याला वाटेल, तिन्ही संख्यांची सरासरी काढली कीं झालें. परंतु पडद्यावर शुद्ध हिरवा व शुद्ध निळा शेजारीं ठेवून पाहा. संख्या दोहोंचीही २५५ च; तरी हिरवा डोळ्यांत भरतो व निळा काळोखा वाटतो. कांहीं चित्रकामाच्या योजनांत तिहींतील सर्वांत मोठी संख्या हाच उजळपणा मानतात. त्या हिशेबानें निळा व पांढरा हे सारखेच उजळ ठरतात! हिशेबाच्या सोयीला तें ठीक. पण डोळा तें कबूल करीत नाहीं. मॅक्सवेल ह्यांच्या मार्गानें पुढें पुष्कळ निरीक्षकांच्या डोळ्यांची साक्ष घेऊन १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें सर्वमान्य आंकडे ठरविले. त्यांवरून आजच्या नेहमींच्या पडद्यांसाठीं असें निघतें कीं, पांढऱ्याच्या शंभर भाग उजळपणांत हिरव्याचा वांटा सुमारें ७२, तांबड्याचा २१ व निळ्याचा अवघा ७ असतो. तांबडा व हिरवा पुरे मिळून झालेला पिवळा म्हणूनच ९३ भागांचा, जवळजवळ पांढऱ्याइतका लखलखीत. आणि म्हणूनच पांढऱ्यावर पिवळीं अक्षरें व काळ्यावर निळीं अक्षरें वाचवत नाहींत. रंगीत चित्राचें काळेंपांढरें करावयाचें तर ह्याच वांट्यांनीं बेरीज करावी लागते.

येथें आणखी एक खुबी आहे. संख्या निम्मी म्हणजे उजेड निम्मा, असें नव्हे. २५५ ऐवजीं १२८ लिहिले तर पडद्यावर उजेड सुमारें २२ टक्केच पडतो. निम्मा उजेड हवा तर १८८ च्या जवळपास जावें लागतें. आपला डोळा अंधुक भागांतील बारीक फरक चटकन् ओळखतो, पण लख्ख उजेडांतील तितकाच फरक त्याला कळत नाहीं. म्हणून २५६ पायऱ्यांपैकीं बऱ्याच पायऱ्या काळोखाच्या बाजूस राखून ठेवल्या आहेत. तेव्हां वांट्यांची बेरीज खरी यावयास पाहिजे असेल, तर आधीं संख्येवरून उजेड काढावा, मग बेरीज करावी.

रंग व उजळपणा हीं निराळीं करतां येतात, ह्या एका गोष्टीचा फायदाही केवढा झाला! १९५३ सालीं अमेरिकेंत रंगीत दूरचित्रवाणीची जी पद्धत मान्य झाली, तींत उजळपणाचा संदेश निराळा ठेवला होता. त्यामुळें ज्यांच्या घरीं जुनेंच यंत्र होतें त्यांनाही तेंच चित्र काळेंपांढरें दिसे. आपल्या देशांत १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण सुरू झालें तेव्हां अनेक घरांत हाच अनुभव आला. आज मोबाइलवरून छायाचित्र धाडतांना यंत्र उजळपणा बारकाईनें राखतें व रंग थोडा ढोबळ करतें. कारण रेघा, कडा व चेहऱ्याची ठेवण डोळा उजळपणावरूनच ओळखतो. चित्राचा भार हलका होतो आणि पाहणाऱ्यास उणें कांहीं वाटत नाहीं.

असो. विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून काय घ्यावें? मॅक्सवेल ह्यांना लहानपणीं एकानें मंद ठरविलें व सोबत्यांनीं वेडगळ म्हटलें. आणि त्यांनीं मोठेपणीं जेव्हां दुसऱ्यांचे डोळे तपासले, तेव्हां कोणाच्याही डोळ्यास वेडा म्हटलें नाहीं. त्यांनीं प्रत्येकास बसविलें, विचारलें आणि मोजलें. आपल्या वर्गांत एखादा मुलगा झाडाची पानें तपकिरी रंगवितो किंवा नकाशांतील तांबड्या-हिरव्यांत गोंधळतो. मुलींपेक्षां मुलांमध्यें ही गोष्ट बरीच अधिक आढळते. त्याला सोबत्यांनीं हंसूं नये व शिक्षकांनीं दटावूं नये. पालकांनीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्याची परीक्षा करवून घ्यावी; कारण आगगाडी चालविणें व अशींच दुसरीं कांहीं कामें ह्यांच्या निवडीपूर्वीं तें कळलेलें बरें. तो कमी पाहत नसेल. निराळें पाहत असेल. आणि निराळें पाहणाऱ्याच्या साक्षीवांचून रंगांचें शास्त्र पुरें झालें नसतें, हें मॅक्सवेल ह्यांच्या भोवऱ्यानें एकदां सिद्ध करून ठेविलेंच आहे.